इंजिन बसलं म्हणे

गाडीला दवाखान्याचा चढ चढवेना झाला, त्या दिवसापासून आमच्या घरात सगळ्यांना अचानक इंजिन कळायला लागलं.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, बॉनेट उघडायची कडी कुठे असते ते आजही सापडत नाही. पण तो आता ‘पिस्टन’ असं म्हणायचा, जणू दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. वहिनीने कुठेसं वाचलं होतं की जुन्या गाड्यांच्या धुराने मेंदू आक्रसतो, आणि ते सांगताना ती माझ्याकडे पाहत होती. धाकटा भाऊ विमानाने जावं लागतं इतक्या लांब राहतो. त्याने तिथून फोनवर इंजिनाचा आवाज ऐकायला मागितला, डोळे मिटून ऐकला आणि सांगितलं, "ताई, रिंगा गेल्यात." उंटावरून शेळ्या हाकायला माझी हरकत नाही, पण निदान शेळी तरी ओळखता यावी. मी त्याला ऐकवला होता तो आमचा मिक्सर होता.

मी दातांच्या कवळ्या बनवते. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या तोंडात बसायच्या वस्तू घासतेय, तासतेय. झीज म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. पण माझं मत कुणी विचारलं नाही. गाडी मी चालवते, आप्पांना मी फिरवते, ऑईलचा डबा डिकीत मी ठेवते, म्हणूनच बहुधा. आमच्याकडे जो काम करतो त्याला मत नसतं.

आप्पा म्हणजे आमचे वडील. वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी गाडी शिकवायची शाळा चालवली. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना ‘तुम्ही बस पकडा’ असं सांगून परत पाठवलं. शाळा बंद झाली, गाड्या विकल्या, ही एक राहिली. बावीस वर्षांची आहे. शिकवणीची असल्यामुळे हिच्यात शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक आहेत. शिकणारा चुकला की आप्पा तिथून दाबणार.

सहा वर्षांपूर्वी आप्पांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. लायसन्स गेलं. त्या दिवशी आप्पा ड्रायव्हरच्या सीटवरून उठले, गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर बसले, तिथल्या क्लचवर डावा पाय आणि ब्रेकवर उजवा पाय ठेवला आणि मला म्हणाले, "हं. आरसा बघ. निघ." म्हणजे हातातलं चाक गेलं, पण हुद्दा गेला नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक फेरी आणि पंधरा दिवसांनी डोळ्यांचा दवाखाना. मी चालवायची आणि आप्पांनी ब्रेक दाबायचा. झाडाच्या सावलीला दाबायचा. दुकानाच्या पाटीला दाबायचा. एकदा रस्त्याकडेला वाळत घातलेल्या सतरंजीला त्यांनी इतक्या जोरात ब्रेक दाबला की मागच्या टेम्पोवाल्याने खाली उतरून माझ्या अकलेची चौकशी केली. मी त्याला म्हटलं, "यांना विचारा." त्याने वाकून आत पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. "अरेच्चा, सर, तुम्ही!" असं म्हणून नमस्कार केला आणि जाताना मलाच म्हणाला, "सरांचं ऐकत जा हो ताई, शिकाल हळूहळू."

मी त्रेपन्न वर्षांची आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं येडपटपणा वाटेल. आप्पांची शिकवणी एकवीस दिवसांची असे. एकविसाव्या दिवशी, शिकणाऱ्याचा हात बसला असं त्यांना वाटलं, तर चालत्या गाडीत ते बूट काढायचे, शेजारी शेजारी नीट ठेवायचे, दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. झालं. म्हणजे आता मी काही दाबणार नाही, तुझी तू जा. सरकारी परीक्षेला गावात फार कुणी विचारत नसे. "आप्पांनी मांडी घातली का?" एवढंच विचारत. दादासाठी त्यांनी मांडी घातली. धाकट्यासाठी घातली. ज्या माणसाने पुढे सरळ रस्त्यावर दुधाच्या गाडीला ठोकलं त्याच्यासाठीही घातली.

माझ्यासाठी घातली नाही. एकविसाव्या दिवशी मी एकही चूक केली नव्हती. शेवटी मीच विचारलं, "मग, आप्पा?" ते म्हणाले, "बघू." मी परीक्षा पास झाले, लायसन्स आणलं, एकतीस वर्षं चालवतेय, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अजून ‘बघू’च चाललंय. हसायचं त्यांनी हसावं, पण मला ती मांडी हवी होती. प्रत्येक फेरीला हवी होती, आणि प्रत्येक फेरीला त्यांचे ते दोन बूट पेडलवर बघून माझं डोकं तापायचं.

तर, गाडी चढ चढेना. दवाखान्याच्या चढावर दुसऱ्या गिअरला इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी सरकायची. वर पोचेपर्यंत जळका वास. ऑईल तर ती आधीपासूनच पीत होती. रविवारी जेवणानंतर दादाने बैठक बोलावली. धाकट्याला फोनवर घेतलं आणि फोन फुलदाणीला टेकवून ठेवला.

"हे बघा," दादा म्हणाला, "इंजिन बसलंय. ते बांधायचं म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च. सरळ भंगारात द्यायची. आप्पांना मी भाड्याची गाडी लावून देतो. मागच्या सीटवर आरामात बसतील."

"दादा, असं कसं म्हणतोस?" फुलदाणीपाशी धाकटा गहिवरला. "आमचं अख्खं बालपण आहे त्या गाडीत! इंजिन नवं बांधा. कितीही लागू दे."

गाडी घरी आली तेव्हा हा तेवीस वर्षांचा होता आणि मिशा ठेवून होता. कसलं बालपण? आणि ‘कितीही लागू दे’ म्हणणाऱ्या माणसाने किती पाठवतो ते सांगायचं असतं. त्याने तेवढ्यात दुसरा फोन येतोय असं सांगितलं.

दादाचं दुखणं वेगळं होतं. गाडी असेल तर कधीतरी, माझ्या तापाच्या वगैरे दिवशी, आप्पांना घेऊन त्याला चालवावं लागेल. त्याच्यासाठी मांडी घातलेली असली तरी आप्पा शेजारी बसले की त्याला आजही घाम फुटतो. मागच्या सीटवर टाकलेले आप्पा त्याला परवडतात. गाठोड्याला पाय नसतात.

"आप्पा, तुम्ही बोला ना," मी म्हटलं.

आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते, कारण तिथून त्यांना आम्ही कडेने दिसतो. ते म्हणाले, "इंजिन बसलंय, यात शंका नाही. मला आवाजावरून कळतं. नवं बांधायचं. भाड्याच्या गाडीला काय करायचंय? तिला पेडल असतात का?"

"सगळ्या गाड्यांना पेडल असतात, आप्पा," वहिनी म्हणाली.

"माझ्या बाजूला?" आप्पांनी विचारलं.

म्हणजे प्रश्न इंजिनाचा नव्हताच. इंजिन राहिलं तर आप्पांचे पाय राहतात. गाडी गेली की आप्पा गाठोडं. हे त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळत होतं आणि प्रत्येक जण पिस्टनवर बोलत होता.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून एकटीच गाडी घेऊन तिसऱ्याच्या गॅरेजला गेले. हे त्याचं नाव नव्हे. शिकताना तो तिसऱ्या गिअरच्या पुढे जायलाच तयार नव्हता, म्हणून आप्पांनी त्याला ‘तिसऱ्या’ केलं आणि गावाने ते उचललं. आता त्याचं डोकं पांढरं झालंय, हाताखाली चार माणसं आहेत, तरी तो तिसऱ्याच. भिंतीवर नट-बोल्टचे पाने मापाप्रमाणे टांगलेले, जमिनीवर भुसा, आणि टेबलावर एक कॉम्प्युटर, ज्यावर तो चहाचा ग्लास ठेवतो.

त्याने चारही प्लग काढले. प्लगच्या भोकात गेज लावून मला म्हणाला, "मारा स्टार्टर." मी मारला. एकेक सिलिंडरचा दाब त्याने खडूने बॉनेटवर लिहिला. मग प्रत्येकात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजला. तीन आकडे बरे होते, चौथा जरा खाली. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत कान खाजवत राहिला.

"गेलं का?" मी विचारलं.

"जुनं आहे," तो म्हणाला. "रिंगा झिजल्यात, ऑईल खातंय. पण गेलं असं... ताई, चला, चढावर जाऊन येऊ."

दवाखान्याच्या चढावर तो चालवत होता, मी शेजारी. गाडी कुरकुरली, थोडी घसरल्यासारखी झाली, पण चढली. दुसऱ्या गिअरला चढली. तीन दिवसांपूर्वी जी मुंगी होती ती आज निदान गाढव झाली होती.

"कशी चढली?" मी म्हटलं.

"तेच म्हणतो."

"आमच्याबरोबर नाही चढत. आणि तुझं वजन तर आप्पांच्या दुप्पट आहे."

वर पोचल्यावर तिसऱ्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पुढे बघत म्हणाला, "ताई, तुमचे पाय कुठे आहेत आत्ता?"

माझे पाय सीटच्या बुडाशी होते, मागे ओढलेले. दुसऱ्याच्या पेडलना हात, म्हणजे पाय, लावायचा नाही, हे आमच्या घरात चालायला लागायच्या आधी शिकवतात. मी खाली वाकून पाहिलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या क्लचचं रबर साधारण झिजलेलं होतं, बावीस वर्षांच्या गाडीचं झिजावं तसं. शेजारच्या क्लचचं रबर गेलेलंच होतं. रेषा नाहीत, कडा नाहीत, मधोमध बुटाच्या आकाराचा खळगा, आणि खळग्यातून लोखंड चमकत होतं. ब्रेकचं तेच.

माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला आणि पडताक्षणीच मला तो नकोसा झाला. आप्पा क्लच दाबत नव्हते. आप्पा क्लचवर पाय ठेवून बसत होते. सहा वर्षं, रोज, बोटभर दाबून. क्लच अर्धवट सुटलेला, प्लेट घासतेय, इंजिन बोंबलतंय. दुसरा पाय ब्रेकवर, तो थोडा धरलेला. म्हणजे मी इकडून गाडी ओढत होते आणि आप्पा तिकडून धरून ठेवत होते.

आणि क्लचवर पाय ठेवून बसू नये, हा आप्पांचा पहिला धडा! पहिल्या दिवसाचा! त्यासाठी त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या गुडघ्यावर पट्टी मारली. "पाय काय वाळत घातलाय का तिथे?" हे त्यांचं वाक्य गावात लहान मुलंसुद्धा म्हणतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

"तुला हे कधी कळलं?" मी तिसऱ्याला विचारलं.

तो स्टिअरिंगवरची धूळ पुसायला लागला. "मागच्या वर्षी प्लेट बदलली ना, तेव्हा."

"मागच्या वर्षी!"

"त्याच्याही आधी एकदा बदलली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"सरांना?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला विजेच्या तारेला हात लावायला सांगितला. "ताई, तुम्ही म्हणाल तर मी अख्खं इंजिन खाली घेतो. बोअर करतो, रिंगा टाकतो, बेअरिंगं बदलतो. महिनाभर रात्रंदिवस खपतो. पण सरांना पाय उचला असं मी सांगणार नाही. माझ्या गुडघ्यावर अजून वळ आहे."

साठीला आलेला माणूस, चार कारागिरांचा मालक! एका म्हाताऱ्याचा पाय अर्धा इंच उचलायला सांगण्यापेक्षा चांगलं चालणारं इंजिन फाडून पुन्हा बांधणं ज्यांना सोपं वाटतं, अशा शूरवीरांच्या गावात मी राहते. टेम्पोवाला तसाच, दवाखान्यातला डॉक्टरही तसाच. तोही आप्पांचा विद्यार्थी, आप्पांच्या डोळ्यात दिवा धरतानाही उभा राहतो. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मीच उरले होते.

मी ठरवलं, आज सांगायचं. स्पष्ट. तोंडावर.

संध्याकाळी आप्पा भाजी निवडत बसले होते. समोरचं दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपून निवडतात, आणि माझ्यापेक्षा चांगली निवडतात. मी समोर खुर्ची ओढली. "आप्पा, गाडीचं जरा बोलायचं होतं."

"काय म्हणाला तिसऱ्या?"

"म्हणाला, क्लच जळतोय."

"जळणारच," आप्पा म्हणाले. "इंजिनात दम नसला की सगळा भार क्लचवर येतो. आणि तुला एक सांगू का, रागावू नकोस. तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. मला जाणवतं ते. माझ्या बाजूचं पेडल सतत हललेलं असतं."

नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. पण नाचतोय एक आणि पाय दुसरीचे वाकडे, हे नवीन होतं. मला भयंकर संताप आला. एकतीस वर्षांचं ‘बघू’ त्या एका वाक्यात बसलं होतं. म्हणजे पाय यांचा, आणि शिकले नाही ती मी!

बोलायला तोंड उघडलं आणि पाहिलं, की ते देठ आणि पानं वेगळी करताना बोटं पुन्हा पुन्हा त्याच पानावर फिरवतायत. खात्री नव्हती त्यांना. निवडलेल्या ढिगाला हात लावून बघायचे, पुन्हा उचलायचे. मी तोंड मिटलं. इतरांना भित्रे म्हणणारी मी, त्या रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्याला सांगितलं, "इंजिनाला हात लावायचा नाही. क्लच प्लेट नवी टाक. आणि शेजारच्या दोन्ही पेडलच्या केबल काढून टाक."

"काढून?" तो पांढरा पडला.

"पेडल तिथेच राहू दे. मागे स्प्रिंग लाव. दाबलं की दबलं पाहिजे, सोडलं की वर आलं पाहिजे. बाकी काही होता कामा नये. आणि इंजिन चकाचक धुऊन दे. घरी मी सांगणार आहे की बांधलं."

"ताई, हे पाप आहे."

"असू दे. तुझ्यात नाही ना धमक, मग पान्याचं काम कर."

आठवड्याने गाडी घरी आली. इंजिन असं धुतलेलं की त्यात तोंड बघावं. दादाने चक्कर मारली आणि सांगितलं, "आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी पहिल्यापासून म्हणत होतो, इंजिनच बांधा." धाकट्याने फोनवर आवाज ऐकला, या वेळी खरा ऐकवला, आणि म्हणाला, "हं! रिंगा नव्या आहेत, कळतंय." आप्पांनी बॉनेट उघडायला लावलं, कान लावला, मग वाकून कितीतरी वेळ इंजिनाच्या माथ्यावरून बोटं फिरवत राहिले. मग हात पुसून म्हणाले, "छान केलंय काम."

मी बॉनेट लावलं आणि त्यांच्याकडे न बघता किल्ली खिशात टाकली. पण माझं काम साधलं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जसं चालवलं तसं देवाने शत्रूवरही आणू नये. आप्पांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही तर सगळं उघडं पडणार. म्हणून माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा त्यांच्या उजव्या बुटावर. बूट खाली गेला की मी ब्रेक दाबायची. सावलीला दाबला, पाटीला दाबला, एकदा तर बूट नुसता खाज सुटल्यामुळे हलला आणि मी भर चौकात गाडी थांबवली. मागचे लोक हॉर्न मारत होते आणि आप्पा समाधानाने मान डोलावत होते. मी त्यांना त्यांचे पाय परत दिले होते, फक्त ते आता माझ्या पायांना बांधलेले होते. दवाखान्याचा चढ मात्र गाडी तिसऱ्या गिअरला चढत होती. ऑईल अजून पीत होती. पिऊ दे म्हटलं, या घरात तिच्याइतकं काम कोण करतं?

चौथ्या आठवड्यात दवाखान्यातून परत येत होतो. दुपारची वेळ, चढ आता उतार झालेला, रस्ता मोकळा. मी सवयीने बुटाकडे पाहिलं. तो स्वस्थ होता. समोर पाहिलं आणि डावीकडच्या फाटकातून एक ट्रक मागे मागे येत थेट रस्त्यात घुसला. बुटाबिटाचा विचार करायला वेळच नव्हता. मी ब्रेक दाबला, गिअर खाली घेतला, चाक वळवलं. गाडी ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर, जराही न घसरता, उभी राहिली. ट्रकवाल्याने हात जोडले आणि निघून गेला.

मग माझ्या लक्षात आलं. आप्पांचा बूट खाली गेलाच नव्हता. त्यांना ट्रक दिसला नव्हता म्हणावं, तर तो त्यांच्या कडेनेच आला होता. मी खाली पाहिलं. दोन्ही बूट पेडलवर नव्हतेच. सीटच्या बुडाशी, मागे ओढलेले.

"गाडी कडेला घे," आप्पा म्हणाले.

मी घेतली.

"इंजिन उघडलं नाहीस ना तू?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "नाही."

"माथ्याच्या बोल्टांना पाना लागलेलाच नाही. बोटाला कळतं. डोळे गेलेत, बोटं नाही गेली." त्यांनी बुटाचं टोक पेडलकडे केलं. "आणि ते पेडल. पहिल्या दिवशी दाबलं तेव्हाच कळलं. स्प्रिंग लावलीय गाढवाने. तिसऱ्याला सांग, क्लचला एवढी कडक स्प्रिंग नसते."

"पहिल्या दिवशी? मग तुम्ही तीन आठवडे कशाला दाबत होता?" माझा आवाज चढला. लाज वाटण्याऐवजी मला रागच आला, आमचं रक्तच तसं आहे. "मी इकडे मरतेय, एक डोळा तुमच्या बुटावर ठेवून!"

"माझ्या बुटावर का ठेवत होतीस? रस्त्यावर ठेवायचा. तेच बघत होतो, कधी ठेवतेस ते." ते खिडकीकडे वळले, म्हणजे मी त्यांना कडेने दिसू लागले. "घरी रात्री खुर्चीत बसून उशीवर नुसता पाय ठेवून बघितला मी. आपोआप दाबला जातो गं तो. मला कळतसुद्धा नाही. तुलाच बोल लावला मी त्या दिवशी."

माझे वडील आयुष्यात माफीच्या एवढ्या जवळ आलेले मला आठवत नाहीत. अर्थात ‘चुकलं’ हा शब्द त्यांनी उच्चारला नाहीच. तो अजून कुठल्या तरी गिअरमध्ये अडकलाय.

मी म्हटलं, "जाऊ दे. निघू का?"

"थांब."

ते वाकले. बुटाची नाडी चाचपून सोडली. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही जोडून त्या मेलेल्या पेडलच्या पुढे नीट ठेवले. मग उजवा पाय दोन्ही हातांनी धरून वर उचलायला लागले. गुडघा वाकेना. मी हात पुढे केला, त्यांनी तो झटकला. पुन्हा ओढला, ओठ दाबून. आला. मग डावा. तो अर्धाच आला, पण आला. पायमोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

ते खिडकीबाहेर बघत बसले.

"हं," ते म्हणाले. "तुझी तू जा."

माझे डोळे भरून आले, आणि ट्रकसमोर न भरलेले डोळे आत्ता भरावेत याची मला चीड आली. मी आरसा पाहिला, गिअर टाकला, क्लच सोडला. तो फटकन सुटला. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली, पहिल्या दिवसाच्या पोरीसारखी, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी पाय खाली घेतले नाहीत.